अक्कांची धुळ्याची बहीण

एकटं बसलेलं माणूस आमच्या गल्लीत कुणाला बघवत नाही. ओट्यावर कुणी एकटं दिसलं की समोरून हाक येते, "का हो, बरं नाही का?" उत्तर द्यायच्या आत हाक मारणारी चपला घालून निघालेली असते. तिच्यामागून दुसरी येते, तिसरी चहा घेऊन येते, आणि जरा वेळाने त्या ओट्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही. जळगावात बाकी गल्ल्यांचं माहीत नाही, पण आमच्याकडे माया ही अशी अंगावर येते.

मीही त्यातलीच. परवा घरचे सगळे लग्नाला गेले आणि मी शाळेचे पेपर तपासायला मागे राहिले. पेपर झाले. मग घर खायला उठलं. टीव्ही लावला, बंद केला. आईला फोन केला, ती झोपली होती. बहिणीला केला, तिने "नंतर करते" म्हटलं. शेवटी सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला मी पाणी देऊन त्याच्या गावाची चौकशी करत बसले. तो बिचारा घड्याळ बघायला लागला, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. पन्नाशीला आलेली बाई, दुसऱ्यांच्या पोरांना शिस्त लावते, आणि एक दुपार स्वतःबरोबर बसता येत नाही. सिंधूअक्का असत्या तर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या.

अक्का आमच्या समोर राहायच्या. माहेर शिरपूरकडचं, सासर पहूरचं. यजमान पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यांना सगळे नाना म्हणत. नानांचा स्वभाव असा की पहूरकडचं कुणीही जळगावला आलं, मग दवाखाना असो, कोर्ट असो, पोराचं कॉलेज असो, मुक्काम यांच्याकडेच. मुलगा, सून स्मिता, नातवंडं होतीच. वर रोज कुणी ना कुणी पिशवी घेऊन दारात. अक्कांनी कधी कपाळाला आठी घातली नाही. पातेल्यात पाणी वाढवायच्या, तव्यावर पोळी टाकायच्या. सगळ्यांचं झालं की ओट्याशी उभ्या उभ्या, गार पोळीवर उरलंसुरलं घालून त्यांचं जेवण व्हायचं.

गल्लीत त्यांचं नाव होतं ते त्यागासाठी. राखणीचं जे जे काम कुणालाच नको असतं, ते अक्का आपणहून मागून घ्यायच्या. उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे, कुरडया वाळत घातल्या की कावळे हाकलायला भर उन्हात कुणी बसायचं? अक्का म्हणायच्या, "मी बसते." लग्नात सगळे जेवायला गेले की सामानाच्या खोलीत कुणी थांबायचं? "तुम्ही जा, मी आहे ना." सगळी गल्ली गाडी करून देवीच्या दर्शनाला निघाली की घरं कोण सांभाळणार? अक्का. आमच्या पुष्पाभाभी, म्हणजे कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानवाल्या मारवाडी भाभी, गल्लीच्या खऱ्या मुखत्यार, त्या तर भरल्या डोळ्यांनी सांगायच्या, "अक्कांसारखी बाई होणे नाही. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही तिने." हे ऐकताना अक्का खाली बघायच्या आणि त्यांचे कान लाल व्हायचे. आम्ही त्याला विनय म्हणत होतो.

तो विनय नव्हता, हे मला एका मे महिन्यात कळलं. भाभींच्या गच्चीवर सगळ्यांचे मिळून बिबडे घातले होते आणि राखणीला अर्थात अक्का. मला वाटलं, बिचारी उन्हात एकटी बसली आहे, जरा सोबत करावी. ताकाचा तांब्या घेऊन मी जिना चढले. वरून बोलण्याचा आवाज येत होता. मी थबकले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, डोक्यावर ओला पंचा टाकून, अक्का मांडी घालून बसल्या होत्या आणि सागरगोटे खेळत होत्या. उजवा हात विरुद्ध डावा हात. उजव्याचा डाव झाला की गोटे डाव्याच्या पुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चाल, आते तुनी पाळी." डाव्याकडून गोटा सुटला की उजव्याकडे बघून दटावायच्या, "हसू नको. ल्हानं शे ते." मग डाव्याला आणखी एक डाव द्यायच्या. एक कावळा बिबड्याच्या कडेला चोच मारत होता. त्याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

मला बघितल्याबरोबर त्यांनी गोटे मांडीखाली सारले. चोरी करताना सापडलेल्या माणसासारखा चेहरा झाला. अक्का माझ्याशी एरवी शहरी मराठीत बोलायच्या, पण गडबडल्या की शिरपूरची बोली बाहेर यायची. "कोणाले सांगू नको वं माय," त्या म्हणाल्या.

"त्यात काय सांगायचं, अक्का? खेळत तर होतात."

"सगळे म्हणतात, अक्का उन्हात तपते. माले त..." त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "माले त मज्या येस. मज्या येस, मंग लाज वाटस. लाज वाटस, तरी मज्या येस."

मी ताक ओतलं आणि तिथेच बसले. शाळा, पोरं, भाजीचे भाव, माझं सुरू झालं. अक्कांनी ताक घेतलं, हं हं केलं, दोनदा टाकीच्या सावलीकडे बघितलं. मांडीखालचे गोटे त्यांना टोचत असणार. मी संध्याकाळपर्यंत उठले नाही. सोबत केल्याचं समाधान घेऊन खाली आले, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या डोक्यात आलं की मी त्या बाईची अख्खी दुपार खाल्ली.

नाना रिटायर झाल्यावर अक्कांचं एकटेपण आणखी महाग झालं. पूर्वी नाना ऑफिसला गेल्यावर आणि पाहुणे दवाखान्यात गेल्यावर थोडी तरी उसंत मिळायची. आता नाना दिवसभर घरात, आणि त्यांना बायकोशी बोलायची हौस. माणूस अगदी देवमाणूस. बायको स्वयंपाकघरात गेली की यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात. ती तुळशीला पाणी घालायला गेली की हे तुळशीपाशी. एकदा अक्का मेहरूणच्या तलावाकाठी जाऊन बाकावर बसल्या, तर गल्लीतल्या कुणीतरी बघितलं, नानांना फोन केला, आणि नाना रिक्षा करून शेजारी येऊन बसले. वर कौतुकाने विचारलं, "मला हाक मारायची नाही का?"

त्यानंतर काही दिवसांनी धुळ्याची सुशीला आमच्यात आली.

अक्कांची म्हणे लहानपणची मैत्रीण. शाळेत एका बाकावर बसायच्या, बहिणीसारखं प्रेम. आता धुळ्यात गल्ली नंबर सहामध्ये असते, पायाला सूज, अंथरुणाला खिळलेली, जवळ कुणी नाही. दर गुरुवारी तिला भेटून यावं म्हणते. नाना म्हणाले, जा, जरूर जा, मी येऊ? तर अक्का म्हणाल्या, तिला पुरुषमाणसासमोर संकोच वाटतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालेलंच होतं. गुरुवारी सकाळी एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला जायची आणि संध्याकाळी अक्का परत यायच्या. फोन लागायचा नाही. सुशीलाच्या घरात रेंज येत नाही, असं त्या म्हणायच्या.

या सुशीलाला मैत्रिणीवरून बहीण गल्लीने केलं. महिना झाला नसेल, सगळे "अक्कांची धुळ्याची बहीण" म्हणायला लागले. आजारी बहीण म्हटल्यावर गल्ली स्वस्थ कशी बसणार? भाभींनी लिंबाचं लोणचं दिलं, आजाऱ्याच्या तोंडाला चव येते म्हणून. मी सुजेवर लावायला तेल दिलं. कुणी शाल दिली, कुणी अंगारा दिला, कुणी नवस बोललं. गुरुवारी सकाळी अक्का बसस्टँडकडे निघाल्या की हातात दोन पिशव्या असायच्या आणि मान खाली. आम्हाला वाटायचं, बहिणीच्या दुखण्याने खचली आहे बाई.

तिसऱ्या महिन्यात भाभींनी ठरवलं की नुसत्या वस्तू पाठवणं बरं दिसत नाही. आजाऱ्याला भेटायला स्वतः जायला पाहिजे. आमच्याकडे हा रिवाज मोडत नाहीत. माणूस आजारी पडलं की त्याच्या खाटेपाशी जाऊन बसायचं, फळं ठेवायची, आपल्या ओळखीतलं कोण याच दुखण्याने कसं बरं झालं ते सांगायचं. कोण गेलं आणि कोण नाही, हे माणसं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. अक्कांना आधी सांगितलं तर त्या "कशाला त्रास" म्हणतील, म्हणून सांगायचंच नाही असं ठरलं. त्या बसने पुढे गेल्या की आपण मागून गाडीने जायचं. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही गेले. सलीमभाईंची व्हॅन, केळी, बिस्किटांचे पुडे आणि गल्लीतल्या आम्ही सगळ्या बायका.

जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, घर मात्र विचारूनच सापडतं. सहा नंबरच्या तोंडाशी भाभींनी पानवाल्याला विचारलं, "सुशीलाबाई कुठे राहतात? त्या आजारी असतात, पाय सुजलेले?" पानवाला दुकान सोडून बाहेर आला. त्याने समोरच्या शिंप्याला विचारलं, शिंप्याने वरच्या मजल्यावरच्या बाईला हाक मारली, आणि ती म्हणाली, "त्या काय, तिसऱ्या घरात!" आम्हाला पोचवायला चारपाच माणसं आली.

सुशीलाबाई खाटेवर होत्या. पाय सुजलेलेच होते. आम्ही पाया पडलो, केळी ठेवली, खाटेभोवती बसलो. भाभींनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "आम्ही जळगावहून आलो. तुमचं सगळं ऐकून आहोत. काळजी करू नका." म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आल्या वं माय तुम्ही," असं म्हणत ती एकेकीच्या तोंडावरून हात फिरवायला लागली. शेजारणीने चहा केला. आम्ही आमच्या ओळखीतले सगळे सुजलेले पाय आणि ते कसे उतरले ते सांगितलं. सुशीलाबाईंनी सून कशी कामाला जाते, दिवस कसा जाता जात नाही, भिंतीवरची पाल सुद्धा कशी ओळखीची झाली आहे, ते सांगितलं. चहा संपत आला तेव्हा मी विचारलं, "अक्का कुठे गेल्या? औषध आणायला?"

"कोण अक्का?" सुशीलाबाईंनी विचारलं.

आम्ही सांगितलं. त्या शिरपूरच्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या. कुठल्याच शाळेत गेल्या नव्हत्या. सिंधू नावाचं त्यांच्या ओळखीत कुणी नव्हतं. "पण म्हणून काय झालं," त्या म्हणाल्या आणि भाभींचा हात काही सोडेनात. "या हो परत. ओळख काय, आते झाली."

बाहेर आल्यावर आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो. परक्या बाईच्या घरात घुसून तिच्या आजाराचं सांत्वन करून आलो, याची लाज होती, आणि हसूही दाबत होतो. दुसरी सुशीला असेल, अक्का भेटल्या की विचारू, असं ठरलं. भूक लागली होती. सलीमभाईंनी आग्रा रोडवरच्या एका खाणावळीसमोर व्हॅन उभी केली.

काचेतून मला अक्का दिसल्या.

कोपऱ्यातल्या टेबलावर एकट्या बसल्या होत्या. केसांत मोगऱ्याचा गजरा. अक्कांना गजरा माळलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पुढ्यात शेवभाजी, चिरलेला कांदा, आणि वाढप्या तव्यावरून उतरवलेली पोळी थेट त्यांच्या ताटात टाकत होता. त्या पोळीवर बोट टेकवायच्या, चटका बसला की बोट मागे घ्यायच्या आणि हसायच्या. पहिला घास त्यांनी डोळे मिटून खाल्ला. टेबलाखाली एक पाय हलत होता, कुठल्यातरी चालीवर, जी फक्त त्यांनाच ऐकू येत होती. हजारो पोळ्या लाटलेल्या त्या बाईला फुगलेली पोळी खाताना मी पहिल्यांदा बघत होते. अशा वेळी माणसाने मागे फिरावं. मला ते कळत होतं आणि पाय हलत नव्हते, तोवर भाभी आत शिरल्यासुद्धा.

"अगं बाई, अक्का! तुम्ही इथे? आणि बहीण कुठे?"

अक्का उठून उभ्या राहिल्या. उजवा हात खरकटा, डावा गजऱ्याकडे गेला. "ती... बरी झाली," त्या म्हणाल्या. "एकदम बरी झाली."

"बरी कशी झाली? आम्ही आत्ता भेटून आलो सुशीलाबाईंना!"

अक्कांचा चेहरा मी विसरणार नाही. आपल्या मनातून उठवलेली बाई खरोखरच गल्ली नंबर सहामध्ये पाय सुजवून बसली आहे की काय, असं क्षणभर त्यांना वाटलं असावं. "कोणाले भेटनात तुम्ही?" त्यांनी विचारलं. मग त्या खुर्चीत बसल्या, आणि सगळं सांगून टाकलं. सुशीला कुणी नाही. कधीच नव्हती. शाल एसटी स्टँडवरच्या एका म्हातारीला दिली. लोणचं स्वतःच खाल्लं.

"पण मग इथे येता कशाला?" भाभींनी विचारलं.

"काही नाही. असंच. बसमध्ये खिडकीत बसते, पांझरेच्या काठी बसते, मग इथे जेवते."

"कुणाबरोबर?"

"कोणी नही शे वं," अक्का म्हणाल्या. "खरंच कोणी नही."

आणि आम्ही काय केलं असेल? आम्ही खुर्च्या ओढल्या. खरं सांगते, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. बिचारी एकटी जेवत होती म्हणून आम्ही तिच्याभोवती बसलो, आणखी शेवभाज्या मागवल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला. वाढप्या नवी पोळी घेऊन आला. फुगलेली होती, वाफ निघत होती. "टाकू, मावशी?" अक्कांनी ताटावर आडवा हात धरला. तो ती पोळी माझ्या ताटात टाकून गेला. मला ती गिळवेना आणि टाकताही येईना. परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या पुढे अक्कांनी केसांतला गजरा काढला आणि व्हॅनच्या खिडकीतून सोडून दिला.

गोष्ट तिथे संपली असती तर बरं झालं असतं. अक्कांचा धुळ्यात एखादा माणूस निघाला असता तर गल्लीने चार महिने चघळून सोडून दिलं असतं. पण कुणीच नाही, हे काही गल्लीला पचेना. घरदार असलेली बाई एकटी बसायला इतक्या लांब जाते म्हणजे घरात काहीतरी असणार. संशय सुनेवर गेला. स्मिता भाजी घ्यायला आली की बायका बोलणं थांबवायच्या. ती पोरगी सासूला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हती. एकदा ती अक्कांच्या पुढ्यात रडली. मी तेव्हा तिथे वाटी परत द्यायला गेले होते. अक्का म्हणाल्या, "तुझं काही नाही गं, बाळा." स्मिता म्हणाली, "मग कुणाचं आहे, ते सांगा तरी." कुणाचंच काही नव्हतं, हे त्या कसं पटवणार होत्या?

नाना रागावले नाहीत. रागावले असते तर अक्कांना सोपं गेलं असतं. ते नुसते लहान झाल्यासारखे वाटायला लागले. एका संध्याकाळी ओट्यावर, माझ्यादेखत, त्यांनी विचारलं, "मला सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?"

"नाही म्हटलं नसतं तुम्ही," अक्का म्हणाल्या. "बरोबर आले असते."

नाना हसले. मग आत गेले आणि पहिल्यांदाच बराच वेळ बाहेर आले नाहीत. पण अक्काच थोड्या वेळाने उठल्या आणि त्यांच्यामागे आत गेल्या.

धुळे बंद झालं. कुणी बंदी घातली नव्हती. अक्कांनीच सोडलं, सुनेच्या नावाला बट्टा नको म्हणून. त्यावर आम्ही प्रेमाने कडी केली. आता अक्कांना एकटं वाटता कामा नये, असं गल्लीने ठरवून टाकलं. बिबड्यांच्या राखणीला त्यांच्याबरोबर दुसरी बाई जायला लागली. लग्नात सामानाच्या खोलीत त्यांना कुणी बसू देईना. भाभी रोज दुपारी त्यांच्याकडे वाती वळायला यायच्या. एकदा मी गच्चीवर सहज विचारलं, "अक्का, धुळ्याला एवढं काय होतं?"

शेजारची बाई कुरडया उलटत होती. अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "तठे दिवसभर माले कोणी अक्का म्हणत नही." एवढंच म्हणून त्यांनी कावळ्याला हाट् केलं.

धुळ्याच्या खऱ्या सुशीलाबाईंना मात्र आमच्यामुळे सोन्याचे दिवस आले. भाभी त्यांना फोन करायच्या, अधूनमधून सलीमभाईंची व्हॅन करून भेटायलाही जायच्या. त्या म्हातारीची सूज सोबतीने उतरली, असं भाभी सगळ्यांना सांगत. उतरली असेलही. माणसामाणसाचं दुखणं वेगळं असतं, हे आम्हाला अजून नीट समजलं नव्हतं.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला अक्का न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्यातून त्या उठल्या नाहीत, गेल्याच. पण त्यांचं शेवटचं जे दर्शन माझ्या मनात आहे ते आजारातलं असूनही आजाराचं नाही.

दवाखान्यात त्यांना वेगळी खोली होती, आणि त्या खोलीत सगळं जग होतं. पहूरचे लोक, नानांचे ऑफिसातले, शिरपूरचे भाचे. रावेरच्या पाहुण्यांनी केळ्यांचा अख्खा घडच आणून कोपऱ्यात उभा केला होता. प्रत्येकाजवळ मोडलेल्या खुब्याची एक हकीकत होती. अक्का सगळ्यांना हो हो म्हणत होत्या, आलेल्यांना चहा द्या म्हणून स्मिताला खुणावत होत्या. दुपारी स्मिता नानांना घेऊन घरी गेली आणि मी बसायला गेले. गर्दी जरा ओसरली होती. अक्कांनी मला जवळ बोलावलं. "मीना, मला त्या पिशवीतली थोडी बोरं दे आणि दार लावून घे."

मी बोरं त्यांच्यापुढे ठेवली आणि दार लावून त्यांच्या शेजारी बसले.

"आतून नाही वं," त्या म्हणाल्या. "बाहेरून."

"एकट्या राहणार? काही लागलं तर?"

"लागनं त बेल शे ना." आणि माझं तोंड बघून त्यांनी माझा हात दाबला. "रागावू नको. तू चांगली शेस. पन माले तूबी नको."

मी बाहेर बाकावर येऊन बसले. पेशंटला एकटं टाकून ही बाहेर बसली आहे, असं येणारे जाणारे म्हणतील, याचीच आधी लाज वाटली. पहिला पाहुणा आला, त्याला "डोळा लागलाय" म्हणून परत पाठवलं. खोटं बोलायची सवय नाही, मान खाली गेली. दुसऱ्याला सांगताना जरा कमी गेली. मग पुष्पाभाभी चहाचा थर्मास घेऊन आल्या.

"झोपल्यात," मी म्हटलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. स्पष्ट आला. "चाल, आते तुनी पाळी."

भाभींनी माझ्याकडे बघितलं. "जाग्या आहेत की! बोलताहेत कुणाशी तरी. कोण आहे आत?"

दाराला डोळ्यांच्या उंचीवर काच होती. मी आत बघितलं. अक्का उशीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यातल्या टेबलावर बोरं मांडली होती. डाव्या हाताला सलाइनची सुई होती, म्हणून त्याची पाळीही बिचारा उजवाच खेळत होता. पांघरुणाखाली एक पाय बांधलेला, दुसरा हलत होता. तोच चेहरा होता, आग्रा रोडवरच्या खाणावळीच्या काचेतून बघितलेला.

भाभींचा हात दाराच्या कडीवर होता.

"धुळ्याची बहीण आली आहे त्यांची," मी म्हटलं. "दोघी बोलत बसल्यात."

भाभींनीही काचेतून बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या, आणि त्यांचे कान हळूहळू लाल झाले. कडीवरचा हात त्यांनी काढून घेतला. जिन्यावरून पहूरची माणसं वर येत होती, हातात पिशव्या, पुढे एक म्हातारबाबा. भाभी थर्मास माझ्या मांडीवर ठेवून त्यांच्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या.

"आत्ता नाही, आबा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "अक्कांची धुळ्याची बहीण आली आहे. फार दिवसांनी भेटताहेत. बसू द्या दोघींना."

आत बहुतेक डावा हात जिंकला होता. अक्कांनी एक बोर उचलून तोंडात टाकलं आणि सावकाश चघळत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.